दुसरा माठ गळला तर

“वहिनी, एकदा बदलून दिलाय न्हवं? आता कंपनी काय दुसऱ्यांदा देणार न्हाई.”

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की झोपेतही ऐकू येतं. दुकानदार हेच म्हणाला, फोनवरची मुलगी हिंदीतून हेच म्हणाली, बेळगावहून आलेला मेकॅनिक “आगोदिल्ला” म्हणून मान हलवून गेला. सगळ्यात वाईट वाटलं ते आमच्याच घरातल्यांचं. तेही म्हणाले, “जाऊ दे, एकदा दिलाय ना बदलून.” एकदा उपकार झालेत, आता पुन्हा हात पसरू नये, असा सगळ्यांचा सूर. माझं भांडण त्या सुराशी आहे. फ्रिजचं भांडण कसंही मिटलं असतं.

झालं ते सांगते. गेल्या वर्षी अक्षयतृतीयेला आम्ही कोल्हापूरहून फ्रिज आणला. निपाणीची माणसं मोठी खरेदी कोल्हापूरलाच करतात. तिथं 40 किलोमीटर, आणि आमच्या जिल्ह्याचं गाव बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. किंमत 31,500 रुपये. त्यातले 24,000 माझ्या भिशीचे, बारा जणींची दोन-दोन हजारांची भिशी, माझा नंबर शेवटून दुसरा होता. वरचे साडेसात हजार ह्यांनी घातले. शेजारच्या वहिनी थट्टेनं म्हणाल्या, “तुमच्यात शिळं खात नाहीत, दिवस मावळायच्या आत जेवणं आटपतात, तुम्हाला एवढा मोठा फ्रिज कशाला?” त्यांचं खरंच होतं. आमचा जुना लहानगा फ्रिज वीस वर्षं दूध आणि भाजी सांभाळून थकला होता. पण सासूबाईंना आता दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. न फोडलेल्या बाटल्या दोन ते आठ अंशांत ठेवायच्या असतात, आणि बर्फ झालेली बाटली टाकूनच द्यायची. जुन्या फ्रिजात एकदा तीन बाटल्या गोठल्या. तेव्हा ठरवलं, आता चांगला घ्यायचा.

तो चांगला फ्रिज अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी सकाळी दुधाची पातेली कोमट. आतला दिवा मात्र छान लागत होता!

मग चौतीस दिवस. ते चौतीस दिवस कसे गेले त्याचं कारण फ्रिजमध्ये नव्हतं, सीमेत होतं. कंपनीच्या फोनवर पिनकोड दाबायला सांगतात. आमचा 591237, म्हणजे कर्नाटक. म्हणजे पुढे कन्नड, हिंदी, इंग्रजी. मराठीचा आकडाच नाही. बरं, मला हिंदी येतं, कामापुरतं कन्नडही येतं, त्याचं काही नाही. पण कोल्हापूरचं सर्व्हिस सेंटर म्हणालं, “तुमचा पत्ता कर्नाटकातला, तक्रार बेळगावला जाईल.” बेळगाव म्हणालं, “बिल महाराष्ट्रातलं आहे, कोल्हापूरला विचारा.” मी बी.ए. केलं देवचंद कॉलेजात. ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, आणि घर निपाणीला, म्हणजे कर्नाटकात. तीन वर्षं रोज चालत राज्य ओलांडलं, कोणी अडवलं नाही. फ्रिजच्या तक्रारीला मात्र ती सीमा ओलांडता येईना.

शेवटी ह्यांच्या ओळखीतून, दुकानदाराच्या गळी पडून, जूनच्या मध्यावर दुसरा फ्रिज आला. सगळे म्हणाले, बघ, मिळाला ना? मीही खुश. उंबऱ्यात हळदकुंकू लावून आत घेतला. आठवडाभरानं मागची धूळ पुसताना दिसलं की मागच्या पत्र्याचे दोन स्क्रू आधीच कधीतरी खोललेले आहेत. त्यांच्या खाचा झिजलेल्या होत्या. आणि खोक्यावरचा नंबर वेगळा, फ्रिजवरचा वेगळा. मी गप्प बसले. आता वाटतं, तिथंच चुकले. त्याच दिवशी फोटो काढून ठेवायला हवा होता.

तो दुसरा फ्रिज त्र्याहत्तर दिवस चालला. गणपतीच्या आदल्या दिवशी बंद पडला. गणपतीच्या दुसऱ्या दिवसापासून आमचं दशलक्षण पर्व, घरात पाहुणे. मेकॅनिक आला, मागचा पत्रा खोलला आणि म्हणाला, “बोर्ड जळालाय, व्होल्टेजमुळं.” मी विचारलं, घरात टीव्ही आहे, मिक्सर आहे, पिठाची चक्की आहे, ती सगळी चालू, मग व्होल्टेजला फक्त हाच फ्रिज कसा सापडला? हेस्कॉमची वीज काय हसन्मुख, सोज्वळ आहे असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात ती दिवसातून दहा वेळा जाते. पण स्टॅबिलायझरशिवाय चालतो असं फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवूनच तुम्ही तो विकलात ना? विकताना व्होल्टेजची बढाई तुमची आणि जळताना व्होल्टेजचा दोष आमचा, हे कुठलं गणित?

आणि मग ते वाक्य आलं. “पॉलिसीप्रमाणे रिप्लेसमेंट एकदाच मिळते.” त्याच्या जोडीला दुसरं: “वॉरंटी पहिल्या बिलापासून धरली जाते.”

या दोन वाक्यांवर मला बोलायचंय.

आठवडी बाजारात माठ घेताना माझी आई तो बोटाच्या गाठीनं वाजवून बघायची. तरी कधीकधी गळका निघायचाच. मग पुढच्या बाजाराला तो घेऊन जायचं, कुंभार न बोलता दुसरा काढून द्यायचा. एके वर्षी दुसराही गळला. आई परत गेली, मी सोबत होते. कुंभारानं माठ उन्हाकडे धरून बघितला आणि म्हणाला, “अक्का, ही भट्टीच कच्ची गेली.” पैसे परत दिले, आणि त्या भट्टीचे राहिलेले माठ बाजूला उलटे ठेवले. तिसरा माठ त्यानं देऊ केला नाही. आईनं मागितलाही नाही.

त्या कुंभाराला जे कळत होतं ते या कंपन्यांना कळत नाही असं नाही. पहिली वस्तू बिघडली तर तो योगायोग असू शकतो. लाखांनी वस्तू बनतात, एखादी वाईट निघणार. पण बदलून दिलेली वस्तूही बिघडली, तर संशय भट्टीवर जायला हवा. आपल्याकडे उलटं होतं. दुसऱ्या बिघाडानंतर संशय गिऱ्हाइकावर जातो. ह्यांच्याच घरात काहीतरी गडबड असणार, वायरिंग खराब असेल, बाईला वापरता येत नसेल. पहिल्यावेळी मेकॅनिकनं मला “मॅडम” म्हटलं होतं. दुसऱ्यावेळी त्यानं ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, “घरात फ्रिज कोण हँडल करतं?”

2016 साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट 7 या फोनचं काय झालं ते आठवा. फोन पेट घेत होते. कंपनीनं सप्टेंबरात जगभरचे सुमारे 25 लाख फोन परत मागवले आणि बदलून दिले. मग 5 ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिलच्या विमानतळावर, उडायच्या तयारीत असलेल्या विमानात एका माणसाच्या फोनमधून धूर निघाला. तो बदलून दिलेला फोन होता. आठवड्याच्या आत कंपनीनं ते मॉडेल बनवणंच कायमचं थांबवलं. कोणी “एकदा बदलून दिलाय” म्हणालं नाही. म्हणायची सोयच नव्हती, कारण विमान रिकामं करावं लागलं होतं आणि सगळं जग बघत होतं. माझ्या स्वयंपाकघरात विमान नाही, एवढाच फरक. दुसऱ्या फोननं खोट भट्टीत आहे हे सिद्ध केलं, तसंच दुसऱ्या फ्रिजनंही केलं. फक्त बघणारं कोणी नव्हतं.

आता कायदा. “कोर्टाची पायरी शहाण्यानं चढू नये” ही म्हण आमच्याकडे लेकरांना बाराखडीबरोबर शिकवतात. ती म्हण ज्यानं काढली त्याला ग्राहक कायदा माहीत नव्हता. तो पहिला आला 1986 साली. त्याआधी दहा-बारा वर्षं पुण्या-मुंबईत बिंदुमाधव जोशींसारखी माणसं ग्राहक पंचायतीचं काम करत होती. मुंबई ग्राहक पंचायत 1975 ची. म्हणजे ही चळवळ मराठी माणसाला परकी नाही, आपल्याच अंगणातली आहे. आता जो कायदा चालतो तो 2019 चा, 20 जुलै 2020 पासून लागू झालेला. दुपारची कामं आटपल्यावर मी तो चष्मा लावून वाचला. इंग्रजी अवघड आहे, पण कादंबऱ्या वाचलेल्या बाईला अगदी अशक्य नाही.

त्यातलं कलम 39 माझ्या कामाचं निघालं. वस्तूत दोष असेल तर आयोग काय काय करायला लावू शकतो हे त्यात सांगितलंय. दोष काढून द्या, नाहीतर त्याच प्रकारची नवी वस्तू द्या, नाहीतर पैसे व्याजासह परत करा, शिवाय नुकसानभरपाई. यातल्या नव्या वस्तूबद्दल कायदा एक अट घालतो, ती कुठल्याही दोषापासून मुक्त असली पाहिजे. हे मी दोनदा वाचलं. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांत बदलून देणं म्हणजे खोका बदलणं नव्हे. सदोष वस्तूच्या जागी दुसरी सदोष वस्तू आणून ठेवली तर बदली झालेलीच नाही! मला माझ्या पहिल्या तक्रारीचं उत्तर अजून मिळालेलंच नव्हतं. “एकदाच मिळते” म्हणता ना? ते एकदाच द्यायचंच अजून बाकी आहे.

दुसरं वाक्य, वॉरंटी पहिल्या बिलापासून. तीनशे पासष्ट दिवसांची वॉरंटी. त्यातले चौतीस दिवस मी फ्रिजशिवाय काढले, तुमच्या दोन सेंटरांनी एकमेकांकडे बोट दाखवलं म्हणून. ते दिवस माझ्या खात्यातून का वजा? शिवणाऱ्या मावशींनी ब्लाउज बिघडवला आणि पुन्हा शिवायला महिना घेतला तर त्या महिन्याची शिलाई मागत नाहीत. नवी वस्तू दिली असेल तर तिची वॉरंटी नव्यानं सुरू व्हायला हवी. आणि नवी नसेल, कुणाकडून परत आलेली दुरुस्त करून दिली असेल, तर तसं सांगायला हवं. आम्हा श्रावकांना लहानपणी पाठशाळेत पाच अणुव्रतं शिकवतात, आणि प्रत्येकाचे पाच अतिचारही. अचौर्याच्या अतिचारांत एक आहे हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घ्यायचं माप मोठं आणि द्यायचं लहान. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्या मालाच्या जागी तसाच दिसणारा हलका माल खपवणं. पंडितजी तुपात डालडा मिसळण्याचं उदाहरण द्यायचे. मला आता झिजलेल्या खाचांचे दोन स्क्रू आठवतात. मी सिद्ध करू शकत नाही, हे कबूल. पण दोन वेगळ्या नंबरांचं उत्तर मला कोणी दिलं नाही, हेही तेवढंच खरं.

कायद्यात सगळंच आहे असं मात्र समजू नका. माझी खरी तक्रार इथं आहे. दुरुस्ती किती वेळा, बदली किती वेळा, आणि त्यानंतर गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं की नाही, याचा आकडा आपला कायदा सांगत नाही. ते आयोगाच्या मर्जीवर. ब्रिटनमध्ये 2015 च्या कायद्यात हे स्वच्छ लिहिलंय. एकदा दुरुस्ती केली किंवा एकदा बदलून दिली, तरी वस्तू ठीक नाही, तर गिऱ्हाइकाला ती परत देऊन पैसे मागायचा हक्क. एकदाच संधी. आपल्याकडे तोच “एकदा” शब्द कंपन्यांनी उचलला आणि उलटा करून आपल्यावर फेकला. तिथं कंपनीला संधी एकदा. इथं गिऱ्हाइकाला न्याय एकदा.

आकडा नाही म्हणून काय होतं? सगळं ओझं आपल्यावर येतं. दोष उत्पादनातला आहे हे गिऱ्हाइकानं दाखवायचं. त्यासाठी वस्तू प्रयोगशाळेत, तज्ज्ञाकडे. बंगळूरच्या एका गिऱ्हाइकाचा फियाट गाडीचा खटला 2010 साली सर्वोच्च न्यायालयात निघाला. नव्या गाडीच्या इंजिनातून आवाज येत होता, इंजिनच बदलून दिलं, तरी त्यांची तक्रार मिटली नाही. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा तीन पायऱ्या चढून प्रकरण दिल्लीत वरच्या कोर्टात गेलं. तिथं काय ठरलं? स्वतंत्र तज्ज्ञानं तपासावं, उत्पादनातलाच दोष निघाला तर पैसे 12 टक्के व्याजानं परत द्यावेत. निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकलेला आहे, मी मान्य करते. पण इतक्या पायऱ्या चढूनही शेवटी “तर” आलाच. गाडीवाला एवढं लढू शकतो. मिक्सरवाली, इस्त्रीवाली, बारा हजारांचा मोबाइल हप्त्यावर घेतलेली विडी कामगार बाई लढेल का? म्हणून म्हणते, दुसरी वस्तू बिघडली की ओझं फिरायला हवं. दोष आमचा नाही हे कंपनीनं सिद्ध करावं, तोवर पैसे गिऱ्हाइकाच्या हातात.

यावर आमच्याच घरात वाद झाला. ह्यांच्या चुलतभावांचं भांड्यांचं दुकान आहे. अण्णा म्हणाले, “वहिनी, तुम्ही गिऱ्हाइकाची बाजू लिहिता, पण गिऱ्हाईक काय धुतल्या तांदळासारखं असतं? पाणी न घालता कुकर जाळतात आणि झाकण सदोष म्हणून परत आणतात.” खरं आहे. मीच माझ्या एका मावसबहिणीला ओळखते, जिनं लग्नात नेसलेली पैठणी “रंग आवडला नाही” म्हणून परत दिली. म्हणून तर मी पहिल्या बिघाडाला कंपनीला संशयाचा फायदा द्यायला तयार आहे. येऊ दे मेकॅनिक, बघू दे, प्लग बघू दे. प्रश्न दुसऱ्या वेळचा आहे. आणि अण्णांचं दुसरं म्हणणंही खरं, की दुकानदार अडकित्त्यातली सुपारी असतो. कंपनी त्याला पैसे देत नाही, गिऱ्हाईक त्याच्या दारात उभं. पण मग दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या बाजूनं कंपनीला पत्र लिहावं की नाही? आमच्या दुकानदारानं बिलावरच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं, “विकलेला माल परत घेतला जाणार नाही.” ही ओळ तुमच्याही घरातल्या बिलांवर असेल, काढून बघा. कायद्याच्या दुसऱ्या कलमातलं 47 वं पोटकलम वाचलं तर कळतं की सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. ती छापील ओळ म्हणजे कायदा मोडणार असल्याची आगाऊ सूचना! माझा पहिला फ्रिज बाराव्या दिवशी गेला होता. त्याच दिवशी मी पैसे मागू शकत होते, हे मला चार महिन्यांनी कळलं.

आणि सीमेचा प्रश्न? तोही कायद्यानं सोडवलाय, फक्त आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जुन्या 1986 च्या कायद्यात तक्रार करायची ती साधारण समोरचा जिथं असेल किंवा प्रकरण जिथं घडलं असेल तिथं. म्हणजे कोल्हापूरला घेतलं की कोल्हापूरला खेटे. 2019 च्या कायद्याच्या कलम 34 नं एक ओळ घातली, तक्रारदार जिथं राहतो तिथंही तक्रार करता येते. म्हणजे निपाणीची बाई कोल्हापूरच्या दुकानाविरुद्ध आणि दिल्ली-मुंबईच्या कंपनीविरुद्ध बेळगावच्या जिल्हा आयोगात जाऊ शकते. कागल, गडहिंग्लज, चंदगडची बाई बेळगावला घेतलेल्या वस्तूसाठी कोल्हापुरात जाऊ शकते. सीमाभागातल्या माणसाला एवढी उपयोगी ओळ दुसऱ्या कुठल्या कायद्यात मला तरी दिसली नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील असलाच पाहिजे असं नाही. सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. मुदत दोन वर्षांची, ती मात्र विसरू नका. 1915 या सरकारी नंबरावर मराठीतून बोलता येतं. गंमत बघा, खासगी कंपनीला आमच्या पिनकोडवर मराठी दिसत नाही, सरकारला दिसते.

याचा अर्थ वाट गुळगुळीत आहे असा नाही. कायदा म्हणतो, साध्या प्रकरणाचा निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाचांत. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. आयोगांत माणसंच नेमलेली नव्हती म्हणून 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कंपन्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यांचा सगळा हिशेब आपल्या “जाऊ दे” वर चालतो. शंभर जणींचं बिघडलं तर नव्वद जणी जाऊ दे म्हणणार, हे धरूनच ती “एकदाच” ची पॉलिसी लिहिलेली असणार, अशी माझी खात्री झाली आहे.

“जाऊ दे” म्हणणाऱ्यांत निपाणीकरांनी तरी असू नये. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी याच गावाशेजारी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवून धरला होता. शरद जोशी आले होते, आठवडेच्या आठवडे माणसं रस्त्यावर बसली, शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होते, चिकोडीला. घरातली मोठी माणसं रेडिओभोवती गप्प बसलेली आठवतात. विकताना आपल्या मालाला भाव मिळावा म्हणून ज्यांनी एवढं सोसलं, त्यांची मुलं-नातवंडं विकत घेताना मात्र पडेल ते पदरात घेतात. विकणारा म्हणून आपण शेतकरी, व्यापारी, मतदार असतो. घेणारा म्हणून आपण एकदम एकटे. त्यातही बायका जास्त. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, गिझर, हे बंद पडलं की हात कोणाचे अडतात? आणि तक्रारीच्या कागदावर सही कोणाची मागतात? माझ्या भिशीच्या पैशांचं बिल ह्यांच्या नावानं फाडलेलं होतं. मी फोन केला की पहिला प्रश्न, “सर आहेत का घरात?”

मी काय केलं ते थोडक्यात सांगते. 1915 वर तक्रार नोंदवली. तो नंबर कोर्ट नव्हे, ते लोक तक्रार कंपनीकडे पाठवतात, पाठपुरावा करतात, हुकूम देऊ शकत नाहीत. पण त्यानंतर पहिल्यांदा कंपनीतल्या कोणीतरी नाव सांगून फोन केला. त्यांनी तिसरा फ्रिज देऊ केला. “स्पेशल केस म्हणून, मॅडम.” घरातले सगळे म्हणाले, घे. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, “घे गं पोरी, किती दिवस दुसऱ्याच्या दारात बाटल्या ठेवायच्या?” त्यांच्या बाटल्या तेव्हा शेजारच्या वहिनींच्या फ्रिजात होत्या. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाच्या आधी मी वाटी घेऊन त्यांच्या दारात. त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही, पण माझीच मान खाली जायची. तरी मी तिसरा घेतला नाही. आईनं तिसरा माठ मागितला नव्हता.

मी नोटीस लिहिली. वकिलाकडे न जाता, बी.ए.च्या इंग्रजीत, दोन पानं. तारखा, बिल, दोन्ही नंबरांचे फोटो, जॉबकार्डच्या झेरॉक्स, कलम 39, कलम 34. पंधरा दिवसांत पैसे व्याजासह परत करा, नाहीतर बेळगावला जिल्हा आयोगात ई-जागृतीवरून तक्रार दाखल करते. एक प्रत कंपनीला, एक दुकानदाराला, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचून विचारलं, “मुलाच्या नोकरीचं काय?” म्हटलं, नाही, माझंच.

मार्गशीर्षात कंपनीचा माणूस आला. 31,500 रुपये खात्यावर जमा झाले होते. व्याज नाही, त्या चार महिन्यांचं काही नाही. फ्रिज न्यायला टेम्पो आणला होता आणि सहीला एक कागद. कागदावर इंग्रजीत छापलेलं, ग्राहकाचं पूर्ण समाधान झाले असून यापुढे कोणतीही तक्रार राहिलेली नाही. हे म्हणाले, कर सही, टेम्पो उभा आहे. मी पेन घेऊन समाधानाची ओळ खोडली आणि खाली मराठीत लिहिलं, “किंमत मिळाली. व्याज व त्रासाबद्दलची मागणी कायम आहे.” तो मुलगा गोंधळला. त्यानं त्याच्या साहेबांना फोन लावला, मग कागदाचा फोटो पाठवला, मग बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. मी त्याला चहा दिला. तो बेळगावचा, कन्नड बोलणारा, त्याचा काही दोष नव्हता. पाऊण तासानं वरून होकार आला. फ्रिज टेम्पोत चढला. दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे, आणि व्याजाच्या तक्रारीचा मसुदा माझ्या कपाटात तयार आहे. बिल या वेळी माझ्या नावाचं असेल एवढं मी ह्यांना सांगून ठेवलंय.